तीन धोट्यांचा काठ
आज भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावात एका विणकर काकांनी मला त्यांच्या मागाजवळ बराच वेळ बसू दिलं. करवतकाठीला, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेल्या साडीला, तीन धोटे (आडवा धागा नेणारी साधनं) लागतात, दोन काठांना आणि एक मधल्या अंगाला. काठाचा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकतो, तिथेच करवतीचे दाते उमटतात. छापलेल्या काठात ही गुंतण नसतेच, म्हणून तो मला निर्जीव वाटतो. साडीचा कोसा, म्हणजे टसर रेशीम, आपल्याच जंगलातला, ऐन-अर्जुनाच्या पानांवर वाढलेला; न रंगवताही मधासारखा!

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी काठ पळसाच्या रंगात करायचा ठरवलाय. होळीच्या सुमारास वेचलेली फुलं उकळून, सूत आधी तुरटीत भिजवून केलेला नमुना काकांना दाखवला. "रंग मस्त आला व पोरी, पन सूत बारीक घेजो," म्हणाले. उद्याच बारीक सूत आणते.