नळीत साखळी झाली, पण सेल्युलोजची नाही

"मॅडम, काउंट्स बघा ना," म्हणत आमची विद्यार्थिनी सिंटिलेशन काउंटरचा (किरणोत्सारिता मोजणाऱ्या यंत्राचा) कागद घेऊन आली. एन्झाइम उकळून मारलेल्या नळीत जवळजवळ काही नाही आणि प्रयोगाच्या नळ्यांत आकडे हजारांच्या घरात. वनस्पतीतलं सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजची लांब साखळी, नळीत बनवायचा तिचा प्रयत्न बरेच दिवस चालला होता, त्यामुळे तिचा आनंद समजण्यासारखा होता. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. वनस्पतीतून काढलेलं सेल्युलोज सिंथेज, म्हणजे ते बनवणारं एन्झाइम, इतक्या उत्साहानं काम करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

पद्धत जुनीच. अंधारात वाढवलेल्या मुगाच्या रोपांचे कोवळे देठ बर्फावरच्या खलात वाटायचे, फडक्यातून गाळायचे, जड कचरा खाली बसवायचा आणि वरचा द्राव १,००,००० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोरानं) फिरवायचा. तळाशी पिवळसर, चिकट थर बसतो. हे पेशीपटलांचे तुकडे. सेल्युलोज विणणारं एन्झाइम त्यातच रुतलेलं असतं. त्याला किरणोत्सारी कार्बन-१४ची खूण असलेलं यूडीपी-ग्लुकोज, म्हणजे साखळीत जोडायला तयार असलेलं ग्लुकोज, द्यायचं. साखळी तयार झाली तर ती अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, गाळणकागदावर अडकते आणि काउंटर ती मोजतो.

"बफरमध्ये काय काय होतं?" मी विचारलं.

"मॅग्नेशियम, कॅल्शियम, सेलोबायोज."

कॅल्शियम आणि सेलोबायोज (दोन ग्लुकोजची साखर)! कॅलोज बनवणाऱ्या कॅलोज सिंथेजचे हे दोन्ही लाडके. कॅलोज ही साखळीही ग्लुकोजचीच, कच्चा मालही तोच यूडीपी-ग्लुकोज, फरक फक्त जोडणीचा. सेल्युलोजमध्ये बीटा-१,४ बंध असतात. त्यामुळे साखळी सरळ राहते आणि शेजारच्या साखळ्यांना चिकटून धागा होतो. कॅलोजमध्ये बीटा-१,३ बंध असतात आणि साखळी पिळ्यासारखी वळते. गाळणकागदाला हा फरक कळत नाही. तो दोन्ही अडवतो.

पटलं बर्फावर होतीच, त्यामुळे लगेच तपासायला बसलो. एका संचात ईजीटीए घालून कॅल्शियम बांधून टाकलं. काउंट्स धाडकन खाली आले. दुसऱ्या संचात तयार झालेल्या साखळ्या बीटा-१,३-ग्लुकनेजला, म्हणजे बीटा-१,३ बंध तोडणाऱ्या एन्झाइमला, खायला दिल्या. (विकतच्या ग्लुकनेजमध्ये सेल्युलोज तोडणाऱ्या सेल्युलेजची भेसळ असेल तर या चाचणीला काही अर्थ नाही, म्हणून माझ्याकडे येणारी प्रत्येक बाटली आधी शुद्ध सेल्युलोजवर तपासली जाते. त्यावरून मुलं माझी चेष्टा करतात.) जवळजवळ सगळी किरणोत्सारिता कागदावरून निसटून खालच्या द्रावात गेली. ॲसेटिक आणि नायट्रिक आम्लाच्या उकळत्या मिश्रणात सेल्युलोज टिकतं. त्यातून वाचलेला गाळ मोजला तर आकडा मेलेल्या एन्झाइमच्या नळीपेक्षा नावाला जास्त.

तरी तिचा चेहरा चौथ्या चाचणीला उतरला. खूण नसलेल्या यूडीपी-ग्लुकोजच्या नळीतला थेंब काचपट्टीवर घेऊन त्यावर ॲनिलिन ब्लू टाकलं आणि अतिनील प्रकाशात पाहिलं. पटलांच्या तुकड्यांभोवती पिवळट-हिरवे पुंजके लखलखत होते. चमकतो तो मुख्य रंग नव्हे, त्यातला सिरोफ्लोर नावाचा घटक. तो कॅलोजला चिकटला की असा उजळतो. नेत्रिकेवरून डोळा न काढता ती म्हणाली, "सगळं कॅलोजच आहे."

हे होणारच असतं. जिवंत पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम फार थोडं, बाहेर त्याच्या हजारो पट. पटल फाटलं की कॅल्शियम आत शिरतं आणि कॅलोज सिंथेज मिनिटांत जखमेवर ठिगळ लावायला घेतं. बुरशी भित्तिकेतून घुसू पाहते तिथेही हेच. खलात वाटलेलं रोप म्हणजे तर नुसती जखमच.

हा अनुभव काही आमचाच नाही. कित्येक दशकं वनस्पतींच्या अर्कातून सेल्युलोजच्या जागी कॅलोजच हाती लागत होतं. जिवाणूंचं सिंथेज १९८७मध्ये सायक्लिक डाय-जीएमपी हा छोटा रेणू दिल्यावर नळीत जोमानं चालताना दिसलं, पण वनस्पतींना ती किल्ली लागली नाही. शेवटी १९९६मध्ये वनस्पतींचा सिंथेज जीन सापडला तो कापसाच्या वाढत्या तंतूंत, जिवाणूंच्या जीनशी असलेल्या साम्यावरून. एन्झाइम शुद्ध करून नव्हे.

"मग पहिल्यापासून ईजीटीएच घालू," ती म्हणाली. त्यानं कॅलोज थांबेल, सेल्युलोज सुरू होईलच असं नाही. पेशीत ही सिंथेजेस सहा पाकळ्यांच्या फुलासारख्या, साधारण २५ नॅनोमीटरच्या जुळणीत बसलेली असतात. ऊतीला जरा धक्का बसला तरी ही जुळणी (रोझेट) मोडते, मग वाटण्याची तर गोष्टच सोडा. पॉप्लर झाडाचं एकच सिंथेज यीस्टमध्ये तयार करून, शुद्ध करून, कृत्रिम पटलात बसवल्यावर त्यानं सेल्युलोजचे धागे काढल्याचं २०१६मध्ये प्रसिद्ध झालं. तोच रस्ता धरायचा असं ठरलं. मुगाची पटलंही वाया जाऊ द्यायची नव्हती. कॅलोज सिंथेजला किती कॅल्शियम पुरतं हे मोजायला त्यांच्याहून चांगला माल कुठला?

यीस्ट वाढवायला शेजारच्या गटाचा शेकर मागावा लागणार होता. ते बोलणं तिनं बिनदिक्कत माझ्यावर ढकललं.