आमचा की आपला

माझ्या मोबाईलच्या पाठीवर कोलकात्याच्या ईस्ट बंगाल फुटबॉल क्लबचं चिन्ह, लाल-सोनेरी मशाल, चिकटवलेलं आहे. ते पाहून पुण्यातल्या ऑफिसात दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, "तू कोल्हापूरची, सासर साताऱ्याचं. कोलकात्याच्या ईस्ट बंगालशी तुझा काय संबंध?" प्रश्न सरळ आहे आणि विचारणारा मनापासून विचारतो. दर वेळी चहा संपेपर्यंत जेवढं बोलता येतं तेवढंच बोलून मी थांबते आणि उत्तर अर्धंच राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज पूर्ण सांगते.

सुरुवात कोल्हापुरापासूनच करावी लागेल. आमचं घर शिवाजी पेठेतलं. आमच्याकडे तालमींचे फुटबॉल संघ असतात. संघ निवडायचा नसतो, पेठ आणि तालीम तो ठरवून ठेवते. शिवाजी तरुण मंडळ, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल ही नावं मी पाढ्यांच्या आधी शिकले. मॅचच्या दिवशी शाहू स्टेडियमवरचा आवाज वाढला की पप्पा मला खांद्यावर घेऊन निघायचे. दहा-अकरा वर्षांची झाले आणि ते बंद झालं. "आता तू मोठी झालीस, तिथली गर्दी बरी नव्हं," एवढंच ते म्हणाले. पुढे मॅचचा निकाल मला गल्लीत परतणाऱ्या पोरांच्या चेहऱ्यावरून कळायचा. संघ माझा होता, पण त्याच्यापाशी जायची वाट बंद झाली होती. याचं मला फार वाईट वाटायचं, आजही वाटतं.

2009 साली जादवपूर विद्यापीठात शिकायला गेले आणि जवळच बिजयगडला एका घरी पेइंग गेस्ट म्हणून राहिले. बिजयगड ही निर्वासितांची वसाहत. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागेवर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्यांनी ती वसवली. आजूबाजूला अशा कितीतरी वस्त्या उभ्या राहिल्या. मोकळी जमीन बघायची, रातोरात बांबू रोवायचे, वर छप्पर घालायचं. तिकडे त्यांना 'जबरदखल' कॉलनी म्हणतात. आमचे घरमालक मेशोमशाय 1950 साली बरिसालच्या दंगलींनंतर पाच वर्षांचे असताना आईचा हात धरून आलेले. पहिले काही आठवडे सियालदह स्टेशनच्या फलाटावर काढले, हे ते जेवताना अगदी साध्या आवाजात सांगायचे. त्यांच्या पत्नीला मी माशीमा म्हणायचे, म्हणजे मावशी; मेशोमशाय म्हणजे मावशीचे यजमान. पूर्वेकडून आलेल्यांना तिथे 'बांगाल' म्हणतात, मूळच्या पश्चिमेकडच्यांना 'घोटी'. घोटी मोहन बागान या दुसऱ्या मोठ्या क्लबचे, बांगाल ईस्ट बंगालचे. ईस्ट बंगाल जिंकला की इलिश मासा महागतो, मोहन बागान जिंकला की कोळंबी. याला अपवाद असतात, घराघरांत भांडणंही असतात, पण ढोबळ हिशेब हाच.

मला वाटायचं की हा क्लब निर्वासितांनी काढला असेल. तसं नाही. 28 जुलै 1920 ला मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात जोडाबागान क्लबने शैलेश बोस या खेळाडूला संघाबाहेर ठेवलं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी कारण विचारलं, समाधान झालं नाही, आणि ते क्लब सोडून बाहेर पडले. त्यांचे सोबतीही पूर्वेकडचेच. 1 ऑगस्टला त्यांनी नवा क्लब काढला आणि आपल्या मुलखाचं नाव त्याला दिलं. तेव्हा फाळणी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. मुलूख तुटला सत्तावीस वर्षांनी. पुढे त्या भागाचं पूर्व पाकिस्तान झालं, मग बांगलादेश. फलाटावर उतरलेल्या माणसाला आपल्या गावाचं नाव या शहरात कुठे सापडत असेल, तर ते एका फुटबॉल क्लबच्या पाटीवर. तो तिकडे गेला नसता तरच नवल.

मेशोमशायांच्या वडिलांनी पाहिलेला आणि त्यांनी नुसता ऐकलेला संघ म्हणजे पंचपांडवांचा. अहमद खान, वेंकटेश, अप्पाराव, धनराज आणि सालेह हे पाच आघाडीवीर. 1949 ते 1951 अशी सलग तीन वर्षं ईस्ट बंगालने आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली. ही नावं पुन्हा एकदा वाचा. पाचांत एकही बंगाली नाही, सगळे दक्षिणेकडचे. घर गेलेली माणसं पोटात भूक घेऊन मैदानाच्या कडेला उभी राहायची आणि ज्यांची भाषा कळत नाही अशा पाच परक्या मुलांना आपली मानायची. परक्या माणसाचं या क्लबमध्ये काय काम, असं मला जेव्हा कुणी विचारतं तेव्हा मला हे पाच जण आठवतात.

पण हे सगळं मला नंतर कळलं. मी ईस्ट बंगालची झाले ती 25 ऑक्टोबर 2009 ला, रविवारी. आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय स्पर्धेतली मोहन बागानविरुद्धची मॅच. खालच्या खोलीत टीव्हीसमोर मेशोमशाय, माशीमा, शेजारचे तिघे-चौघे आणि दाराशी मी. कोणाच्या बाजूने बसायचं हे मी ठरवलेलं नव्हतं, गोंगाट ऐकून खाली आले होते इतकंच. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. इतक्या वर्षांनी मला कुणी "आत ये, बस" म्हणालं. माशीमांनी सरकून जागा दिली आणि हातात मुरमुऱ्यांची वाटी ठेवली. ती मॅच आम्ही 5-3 ने हरलो. मोहन बागानच्या नायजेरियन चिडी एडेने एकट्याने चार गोल केले. बाहेर कुठेतरी फटाके वाजले. 1975 च्या शील्ड फायनलमध्ये ईस्ट बंगालने मोहन बागानला 5-0 ने हरवलं होतं. ते पाच गोल चौतीस वर्षं समोरच्यांच्या छातीत रुतून बसले होते आणि आज त्यांनीही पाच मारले.

खोलीत कुणी बोलेना. मेशोमशायांनी टीव्ही बंद केला आणि कुणालाही उद्देशून नव्हे असं म्हणाले, "आमागो डिफेन्सटा..." पुढचं त्यांच्याच्याने बोलवेना. एरवी ते माझ्याशी सावकाश, शुद्ध बंगालीत बोलायचे, मला कळावं म्हणून. तिथे 'आमच्या'ला 'आमादेर' म्हणतात. 'आमागो' हा पूर्वेकडचा, बरिसालचा शब्द. तो मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत. 'आमचा' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपला' म्हटलं की आत येतो. बंगालीत ही सोय नाही. त्यामुळे रात्री वर खोलीत पडल्या पडल्या माझ्या डोक्यात एकच घोळत राहिलं : आमागो म्हणजे आमचा की आपला? सकाळी चहाच्या वेळी मी मेशोमशायांना विचारलं, "आपली पुढची मॅच कधी?" मोडक्या बंगालीत मीही 'आमागो'च म्हणाले. त्यांनी पेपरमधून डोकं वर काढून माझ्याकडे बघितलं, तारीख सांगितली आणि पुन्हा पेपर वाचायला लागले.

उत्तर खरं म्हणजे एवढंच आहे. खेळ आवडला म्हणून, खेळाडू आवडला म्हणून, करंडक मोजून क्लब धरणारी माणसं असतीलही. माझ्या पाहण्यात मात्र बहुतेकांना क्लब कुणीतरी दिलेला असतो. पप्पांनी खांद्यावर बसवून दिला, मेशोमशायांनी एका हरलेल्या संध्याकाळी दिला. दुसऱ्याच्या दुःखात आपल्याला जागा मिळाली की ती सोडून उठवत नाही.

त्या दोन वर्षांत माशीमांबरोबर मी चार वेळा मैदानावर गेले. मोठी झालीस असं तिथे मला कुणी म्हणालं नाही. पप्पांना फोनवर सांगितलं तर थोडा वेळ गप्पच राहिले. मग म्हणाले, "जपून जा. आणि तालमीला इसरू नको."

कोलकाता सुटलं, क्लब सुटला नाही. 2012 मध्ये तोच चिडी ईस्ट बंगालमध्ये आला आणि आम्ही त्याच्या गोलांवर ओरडलो. 2019 च्या मार्चमध्ये आय-लीग शेवटच्या दिवशी हातून गेली. चेन्नई सिटीचे 43 गुण, आपले 42. आपण आपली मॅच जिंकूनही. त्या संध्याकाळी फोनवर मेशोमशाय मलाच समजावत होते. त्याच वर्षी पावसाळ्यात ते गेले. जानेवारी 2020 च्या डर्बीत, म्हणजे मोहन बागानविरुद्धच्या मॅचमध्ये, प्रेक्षकांत एक भला मोठा फलक झळकला : 'रक्त दिये केना माटी, कागज दिये नय'. रक्त देऊन घेतलेली माती, कागद देऊन नाही. नागरिकत्वाच्या कागदांवरून देशभर वाद पेटलेले ते दिवस होते. तो फोटो मी पुण्यात पाहिला आणि मला फलाटावरचा पाच वर्षांचा मुलगा दिसला.

पुढची वर्षं वाईट गेली. इंडियन सुपर लीगच्या 2021-22 च्या हंगामात वीस मॅचेसमध्ये एकच विजय, तळाचं स्थान. लोक म्हणायचे, सोड आता. कसं सोडायचं ते मात्र कुणी सांगत नव्हतं.

28 जानेवारी 2024 ला भुवनेश्वरमध्ये सुपर कपची फायनल झाली, ओडिशाविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर. जादा वेळेत 111 व्या मिनिटाला क्लेटन सिल्वाने गोल केला. 3-2. बारा वर्षांनी देशपातळीवरचा करंडक. मी स्वयंपाकघरात उभी राहून मोबाईलवर बघत होते. शिट्टी वाजली तशी बिजयगडला फोन लावला. माशीमांना आता कमी ऐकू येतं. त्यांनी आधी विचारलं, जेवलीस का. जेवले म्हटलं. इलिश आणला का, मी विचारलं. "या दिवसांत इलिश कुठला गं," त्या म्हणाल्या. मग "ऐक" म्हणत त्या हळूहळू चालत खिडकीपाशी गेल्या असाव्यात, कारण पावलांचा आवाज आला, कडी निघाल्याचा आला. त्यांनी फोन बाहेर धरला आणि सगळ्या पाड्यातले फटाके मला ऐकू आले.