एकच शब्द वर्षभर कसा पुरतो?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गुढीपाडव्याला मी एक शब्द निवडते आणि पुढच्या पाडव्यापर्यंत एका वहीत त्याच्याभोवती चित्रं काढते, कागद चिकटवते, चार-चार चरणांच्या छोट्या कविता लिहिते. वही चाळून झाली की बहुतेक जण हाच प्रश्न विचारतात: "एकच शब्द वर्षभर कसा पुरतो हो? जूनपर्यंत सगळं संपत असेल ना?"

माझा पहिला शब्द तर जूनपर्यंतही पोचला नव्हता.

ते वर्ष २०२०. पाडवा २५ मार्चला आला आणि देशभरच्या लॉकडाउनचा तोच पहिला दिवस. खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही. कोथरूडच्या आमच्या जुन्या सोसायटीत मोजक्या गॅलऱ्यांमध्ये गुढ्या दिसत होत्या. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे पंचांग उघडून नव्या संवत्सराचं नाव मोठ्यानं वाचलं: शार्वरी. शर्वरी म्हणजे रात्र. नाव ऐकून आम्ही सगळेच क्षणभर गप्प झालो. तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडे वर्षाला नाव असतंच. प्रभवपासून क्षयपर्यंत साठ नावं, आणि साठ वर्षांनी तेच नाव पुन्हा. अमेरिकेत अली एडवर्ड्स नावाच्या स्क्रॅपबुक-कलाकार २००६ पासून वर्षाला एक शब्द निवडण्याचा उपक्रम चालवतात, हे मी वाचलं होतं. पण मला खरी ओढ लागली ती त्या सकाळी, पंचांगामुळे.

मी निवडला 'संयम'. पहिल्या पानावर सोनेरी पेनानं तो ठसठशीत लिहिला, खाली समई काढली. दुसऱ्या पानावर काय काढायचं ते सुचेना. संयम कुठे दिसतो? त्याला वास कसला, रंग कुठला? आठवडे गेले, वही तशीच राहिली, आणि कोरी पानं बघून अपराधी वाटू लागलं. शिस्त, सातत्य, सकारात्मकता हे शब्द निवडणाऱ्या मैत्रिणींचंही असंच झालेलं मी पाहिलं आहे. हे शब्द आपल्याकडून काहीतरी मागत राहतात. आपण त्यांच्याकडे काही मागायला गेलो तर हाती काही लागत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे: हाताला लागेल असा शब्द घेतला तर तो पुरतो. ज्याला भाषेनं आधीच घरभर, गावभर वापरून ठेवलंय असा.

२०२३ च्या पाडव्याला, म्हणजे शके १९४५ ला, मी 'ओल' घेतला. सकाळी श्रीखंडपुरीच्या गडबडीत सासूबाई म्हणाल्या, "ओलं खोबरं फ्रीजमध्ये ठेवलंय बघ," आणि तो शब्द कानात अडकला. त्या रात्री नुसती यादी केली तर पान भरलं. ओली हळद, ओले काजू, ओली भेळ. ओली बाळंतीण. ओला दुष्काळ. सुक्याबरोबर ओलंही जळतं. रोज सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताई दारातून सांगतात ते "ओला वेगळा द्या हं". कुणी बऱ्याच दिवसांनी भेटलं आणि बोलण्यात काही उरलेलं नसलं, तर आपण म्हणतो, आता तो ओलावा राहिला नाही. बाळंतिणीपासून कचऱ्यापर्यंत एकच शब्द! मला फक्त एकेका ठिकाणी जाऊन बसायचं होतं.

त्यातल्या दोन जागा सांगते, म्हणजे वर्ष कसं सरतं ते कळेल.

पहिली सासूबाईंची. त्यांचं माहेर सासवडकडचं, शेतीचं घर. मी जलरंगाशी झटत होते. कागद ओला असताना रंग सोडला की तो पसरून सगळं एक होई, वाळल्यावर सोडला की कडेनं कडक रेघ उमटे. माझी चिडचिड बघून त्या म्हणाल्या, "वाफसा येऊ दे की त्याला." मला अर्थ विचारावा लागला. पाऊस पडल्या पडल्या कुणी पेरत नाही. जमीन चिकट असते, पाभर म्हणजे पेरायचं अवजार चालत नाही. पार वाळली तरी उपयोग नाही. मधे एक वेळ येते, माती ओलसर असते पण मोकळी. तो वाफसा. त्यांचे वडील मूठभर माती दाबून गोळा करायचे आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचे. गोळा भुरभुरून फुटला तर पेरा, चपटा होऊन बसला तर थांबा.

त्यांनी कुंडीतली माती घेऊन मला करून दाखवलं. पहिला गोळा थपकन बसला. दोन दिवसांनी फुटला. मग मी कागदाचा वाफसा शोधायला शिकले. पाणी मारल्यावर कागद चमकतो, त्या चमकेत हात लावायचा नाही. चमक जाते, पण बोटांची मागची बाजू टेकवली की अजून गार लागतं, तेव्हा रंग सोडायचा. कड मऊ येते आणि रंग आपल्या जागी राहतो. शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, सुती चिंध्यांच्या कागदासाठी ओळखली जाते. सुती कागद ओल जास्त वेळ धरतो, म्हणजे ही वेळ आपल्याला जरा लांब मिळते. साध्या वहीच्या पातळ कागदावर हे जमत नाही, तो लाटांसारखा फुगतो. बाकी सामानाचं फार मनावर घेऊ नका. अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारलीत की ब्रश, रंग, गोंद सगळं मिळतं. विद्यार्थ्यांचे साधे जलरंगही चालतात.

त्या पानावर मातीचे दोन ठसे आहेत, एक चपटा आणि एक विखुरलेला. खाली लिहिलं आहे:

मुठीतली माती
सोडून पाहिली
थोडीशी राहिली
बोटांवर

कवितेची भीती वाटते असं ज्या म्हणतात त्यांना मी हाच साचा देते. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक. हा अभंगाचा साचा, हरिपाठ कानावर पडलेल्या कुणालाही त्याची चाल अंगात असतेच. बोटांवर अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं. अक्षरं मोजताना मोठमोठे शब्द आपोआप गळतात, कारण त्यांना जागाच नसते. 'संवेदनशीलता' या एकाच शब्दाला सात अक्षरं लागतात. 'माती' दोनात मावते.

दुसरी जागा आमच्या बैठकीतली भिंत. दर पावसाळ्यात तिच्यावर ओल यायची आणि दर वर्षी मी पावसाला दोष द्यायचे. त्या वर्षी शब्दच ओल होता, म्हणून जुलैच्या मध्यावर ट्रेसिंग पेपर भिंतीला टेकवून डागाची कड पेन्सिलीनं उतरवली आणि बाजूला तारीख घातली. पुढच्या शनिवारी त्याच कागदावर दुसरी कड. टेकडीच्या नकाशात रेघा असतात ना, तसं काहीतरी तयार होऊ लागलं. सुंदर दिसत होतं. मी त्यात निळा, राखाडी, करडा असे थर भरले.

मग अधिक श्रावण संपत आला आणि पाऊस गायबच झाला. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तुम्हालाही आठवत असेल. ओल हा शब्द घेऊन मी कोरड्या आभाळाखाली बसले होते. माझा शब्द आता संपला असं वाटून शनिवारी सवयीनं कागद भिंतीला लावला, तर कड दोन बोटं पुढे सरकलेली. त्यापुढच्या शनिवारी आणखी एक बोट. बाहेर पाऊस नव्हता आणि आत ओल चालत होती. म्हणजे पाणी पावसाचं नव्हतंच.

तो कागद घेऊन मी वरच्या मजल्यावर गेले. तिथल्या आजी एकट्या राहतात, आमचं आधी दोनदा तिखट बोलणं झालं होतं. या वेळी मी काही बोलायच्या आधीच त्यांनी चष्मा लावून रेघांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे तुम्ही काढलंत?" मी तारखा दाखवल्या. त्यांनी मला आत नेऊन न्हाणीघराचा कोपरा दाखवला. दोन दिवसांनी प्लंबरनं फरशी काढली तेव्हा आतला पाइप चिरलेला निघाला. किती वर्षं झिरपत होता कोण जाणे. आजी चहा करत होत्या आणि मी त्यांच्या ओट्यापाशी उभी राहून बोटांवर अक्षरं मोजत होते:

भिंतीच्या पोटात
कुणाचं हे पाणी
काढतं निशाणी
रोज नवी

भिंतीचं जुनं प्लास्टर काढून नवं केलं ते दिवाळीच्या तोंडावर. मला पाहुण्यांच्या आत रंग हवा होता. रंगारी आला, ब्रशाचा डबा खाली ठेवला आणि बोटांची मागची बाजू भिंतीला टेकवून उभा राहिला. "ताई, अजून ओल आहे आत," तो म्हणाला. "पंधरा दिवस जाऊ द्या."

मी वही आणली आणि त्याचं वाक्य तारखेसकट लिहून घेतलं. दिवाळीत भिंत तशीच करडी होती.