तुम्ही विचारलंत म्हणून: अजून तो प्लाझ्माच?

घरी कुणी पहिल्यांदा आलं की चहा पुढ्यात येण्याआधी हा प्रश्न येतोच. "अजून तो प्लाझ्मा टीव्हीच? चित्र खरंच चांगलं दिसतं, का आपली सवय?" परवा शेजारचा मुलगा मोबाइलवर जुन्या सामानाची जाहिरात घेऊन आला. 50 इंची प्लाझ्मा, चार हजारांत. "काका, घेऊ का?" म्हटलं, एकदा सगळं सांगूनच टाकावं.

आमचा 42 इंची आहे. 2010 च्या दिवाळीत सांगलीतच घेतला. शोरूममध्ये भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर तीच फुलं आणि तेच मासे, वरून ट्यूबलाइटांचा लखलखाट. त्या उजेडात एलसीडी असे झळकत होते की आमच्या हिनं लगेच तिकडं बोट केलं. प्लाझ्मा शेजारी बापुडवाणा दिसत होता. त्याच्या काचेत ट्यूबा, सेल्समन आणि आम्ही दोघं स्पष्ट दिसत होतो, मासे जरा कमी. मी म्हटलं, एवढ्या बाजूचे दिवे घालवता का? सेल्समनला गंमत वाटली, पण घालवले. आणि मग एलसीडीवरचं रात्रीचं आकाश राखाडी झालं, प्लाझ्मावरचं काळं राहिलं. आपण काय दुकानात बसून टीव्ही बघणार आहोत? आमच्याकडं टीव्ही लागतो रात्री जेवणं झाल्यावर, हॉलमधला मोठा दिवा घालवून.

हे का होतं, तेही सांगतो. प्लाझ्माच्या काचेत लाखो बारीक कप्पे असतात, त्यांत निऑन आणि झेनॉन वायू भरलेला. वीज खेळली की वायूतून अतिनील किरण निघतात, ते कप्प्याच्या आतल्या लाल, हिरव्या नाहीतर निळ्या लेपावर पडतात आणि लेप उजळतो. प्रत्येक ठिपका आपला आपण पेटतो. एलसीडीत दिवा मागं जळत असतो आणि पुढचे स्फटिक दार लोटावं तसा उजेड अडवतात. ते दार पक्कं लागत नाही, फटीतून उजेड येतोच. बाजूनं बघितलं तर त्या काळच्या एलसीडीचा रंग आणखी उडायचा. आमच्या घरात दिवाणावर दोघं, खाली चौघं आणि स्वयंपाकघराच्या दारात एक जण हातात उलथनं घेऊन उभं, असा प्रेक्षकवर्ग. सगळ्यांना सारखं दिसायला पाहिजे.

तरी प्लाझ्माचा काळा म्हणजे अगदी काजळ, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कप्पे पटकन पेटावेत म्हणून त्यांना आतून जरासं धुमसत ठेवावं लागतं. खिडक्या-दारं लावून पूर्ण अंधार केला तर रिकामा पडदाही किंचित उजळ दिसतो. पायोनियरनं 2007 मध्ये 'कुरो' नावाची मालिका आणली होती. जपानीत कुरो म्हणजे काळा. तेवढा गडद काळा तेव्हा दुसऱ्या कुणाला जमला नव्हता, पण धंदा परवडला नाही आणि 2009 मध्ये त्यांनी टीव्हीतून अंग काढून घेतल्याचं जाहीर केलं. पॅनासॉनिकनं 2013 च्या शेवटी प्लाझ्माचं उत्पादन थांबवलं, सॅमसंग आणि एलजीनं पुढच्या वर्षी. आज ज्याला खरा काळा हवा त्यानं ओएलईडी बघावा. त्यातही ठिपका स्वतःच पेटतो, आणि विझतो तेव्हा पुरता विझतो.

हालतं चित्र मात्र आमच्या डब्याचं अजून बघण्यासारखं आहे. 2 नोव्हेंबर 2025 ला महिला विश्वचषकाची अंतिम लढत नवी मुंबईत होती. आपल्या सांगलीची स्मृती मानधना सलामीला. हॉलमध्ये चप्पल ठेवायला जागा नव्हती. पावसानं खेळ उशिरा सुरू झाला, भारत 52 धावांनी जिंकला तेव्हा मध्यरात्र होत आली होती. तिच्या 45 धावांतला प्रत्येक फटका सीमारेषेपर्यंत नजरेनं सोडला नाही. जुन्या एलसीडीवर अशा चेंडूला शेपूट फुटायची. खोक्यावर '600 हर्ट्झ' छापलं होतं. सेल्समन म्हणाला, सेकंदाला 600 चित्रं. तसलं काही नसतं. कप्पा एक तर पेटतो नाहीतर विझतो, मधली छटा त्याला येत नाही. म्हणून सेकंदाच्या 50 चित्रांतलं प्रत्येक चित्र 12 लुकलुकींत फोडून छटा जमवतात. 50 गुणिले 12. त्याची किंमतही मोजावी लागते: फार जवळ बसलात तर चेहऱ्याच्या सावलीत मुंग्या वळवळल्यासारखं दिसतं.

ठिपके मोजायला गेलात तर मात्र लाज वाटेल. 1024 गुणिले 768, तेही चौरस नाहीत, आडवे लांबट. शेजारच्या मुलाच्या मोबाइलवर याहून जास्त आहेत. आम्ही नऊ फुटांवर बसतो, त्यामुळं चालून जातं.

खरा घोर डागाचा. 2014 च्या विधानसभा निकालादिवशी अण्णांनी सकाळी आठपासून रात्रीपर्यंत एकच बातम्यांची वाहिनी लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी मालिकेतल्या सासूच्या हनुवटीखाली निकालाची पट्टी! चारेक दिवसांत ती विरली, पण आमच्या हिनं तेव्हापासून नियमच केला: बातम्या अर्धा तास, मग वाहिनी बदला. रोज तेच चिन्ह त्याच जागी राहिलं तर तिथला लेप लवकर झिजतो आणि तो डाग कायमचा. चित्र हळूच इकडंतिकडं सरकवायची सोय मेनूत आहे, ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवली म्हणून वाचलो असं मला वाटतं. हॉटस्टार, यूट्यूब वगैरे यात काही नाही. त्यासाठी मागं इंटरनेटवरचं दाखवणारी एक काडी (स्टिक) खोचली आहे.

लाईट बिल विचारू नका. उजेडाचं चित्र आलं की 200 वॅटच्या वर जातो, अंधाराच्या प्रसंगात उतरतो. पांढऱ्या पडद्यावर बारीक गुणगुणतोही. थंडीत मांजर टीव्हीच्या वरच्या फळीवर झोपतं, यातच काय ते आलं.

आणि वजन. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा नदी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याच्या 45 फुटांच्या कितीतरी वर गेली, तेव्हा घरातलं एकेक सामान वर नेलं. फ्रिज राहिला तरी चालेल, पण अण्णा टीव्हीपाशीच उभे. जिन्यात मी मागं, धाकटा भाऊ पुढं, आणि "उभाच धरा, आडवा करू नका" असं अण्णा खालून ओरडत होते. बरोबरच होतं त्यांचं. आडवा ठेवला तर मोठ्या काचेवर ताण येतो.

तर शेजारच्या मुलाला सांगितलं ते असं. रोजच्या वापराला घेऊ नकोस, पॅनेल गेलं तर नवीन मिळणार नाही. हौस असेल तर संध्याकाळी जा, त्यांना दिवे घालवायला सांग. मोबाइलवरून पडदाभर लाल रंग लाव, मग पांढरा; वाहिनीचं चिन्ह उमटलेलं दिसलं तर परत ये. नाही दिसलं तर तीन हजारांवर अड. आणि टेम्पोत उभा बांधून आण, एकटा जाऊ नकोस, मी येतो धरायला.