गरम जॉबचे माप

माझे वडील सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणत असत. मी मात्र एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात सीएनसी लेथ, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कातणारे मशीन, चालवतो. बटण दाबले की बाकीचे मशीनच करते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात इन्सर्टची, म्हणजे धातू कापणाऱ्या छोट्या पात्याची, धार झिजत जाते, तसा शाफ्टचा, म्हणजे गोल दांड्याचा, व्यास हळूहळू वाढतो आणि दर काही जॉबनंतर (जॉब म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा) मायक्रोमीटर या सूक्ष्म मापाच्या साधनाने माप घेऊन ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये भरलेली मापाची दुरुस्ती, शतांश मिलिमीटरने कमी करणे ऑपरेटरच्याच हाती असते.

पहिल्या वर्षीच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, कूलंटची, म्हणजे कापताना जॉब थंड ठेवणाऱ्या द्रवाची, धार मंदावली आहे हे माझ्या लक्षात आले नाही. ५० मिमीचा शाफ्ट चकमधून, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्यातून, काढला तेव्हा हाताला चटका बसला, तरी मी लगेच माप घेतले, ते ०.०१ मिमी जास्त दिसले म्हणून ऑफसेट तेवढाच कमी केला. सकाळी तपासणीत त्यानंतरचे सगळे शाफ्ट मापाखाली भरले. जास्त राहिलेला व्यास पुन्हा कापता येतो, कमी झालेला भरून काढता येत नाही.

पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे ११ ते १२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) प्रसरण पावते. म्हणजे मायक्रोमीटरपेक्षा जॉब २० अंशांनी गरम असेल, तर ५० मिमी व्यासात ०.०१ मिमीहून अधिक फरक पडतो. मला तेव्हा दिसलेली वाढ जवळपास तेवढीच होती.

आता पाळी सुरू होताच मी प्रथम कूलंटची पातळी पाहतो, आणि काढलेला जॉब पुसून, मायक्रोमीटरशेजारी थंड होऊ देऊनच मोजतो.