उन्हाळी पांघरुणाची पहिली पट्टी: करवंदं, ताडगोळे, काला खट्टा

मंडळी, क्रोशाने विणायला घेतलेल्या पांघरुणाच्या पहिल्या पट्टीतले दोन चौकोन झाले, तिसरा सुईवर आहे. करवंदं, ताडगोळे, काला खट्ट्याचा गोळा आणि तिखटमीठ लावलेली कैरी असे चार चौकोन, प्रत्येक २५ सेंटिमीटरचा, म्हणजे पट्टी १ मीटरची होईल. आलेखावर चित्र काढून ते रंगीत टाक्यांनी भरता आलं असतं, पण मला ते नको होतं. करवंद बोटांनाही आठवतं. म्हणून प्रत्येक खाऊला त्याच्या पोताचा टाका द्यायचा, असं ठरवलंय.

दोरा सुतीच. ठाण्यातल्या मे महिन्यात अ‍ॅक्रेलिक लोकर मांडीवर घेऊन बसवत नाही. सुती पांघरूण जड होतं खरं, पण अंगाला गार लागतं.

करवंदं अगदी मनासारखी उतरली. जमीन हिरव्या मुक्या खांबांची (मुका खांब म्हणजे आखूड टाका, खांब म्हणजे त्याहून उंच). त्यावर एकाच टाक्यात पाच अपुरे खांब (शेवटचा वेढा सुईवरच ठेवलेले) घालायचे आणि सगळे एकदम बंद करायचे. ही गाठ विणताना पलीकडच्या बाजूला फुगते, म्हणून ती उलट्या ओळीतच घालायची. सुलट बाजूला टम्म वर येते. तिच्या शेजारचा मुका खांब जरा घट्ट ओढला की आणखी उठते. बहुतेक गाठी काळपट जांभळ्या, काही लालसर, एखादी हिरवी ठेवली. येऊरकडच्या बायका पानांच्या द्रोणात देतात ती करवंदं तरी कुठे सगळी सारखी पिकलेली असतात! एक करवंद अर्धं खाल्लेलं केलंय, आत लालभडक. कोंबडा निघाला! त्या लाल दोऱ्याचा तुकडा आधी ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवला होता. रंग उतरला नाही, तेव्हाच वापरला. गडद लाल आणि जांभळ्या दोऱ्यांची ही परीक्षा कधीच टाळू नका.

ताडगोळ्याला पारदर्शकपणा हवा. त्यासाठी बारीक, मर्सराइज्ड (म्हणजे प्रक्रिया करून चमकदार केलेला) पांढरा सुती दोरा घेतला आणि तो मुद्दाम ४ मिलिमीटरच्या सुईने विणला. वीण विरळ पडते, मागची निळसर जमीन तिच्यातून दिसते. गोल नेहमीचाच: १२ खांब, मग २४, मग ३६. पुढची फेरी न वाढवता घेतली की कड आत वळते आणि पोट येतं. एका फळात बहुधा तीन गोळे निघतात, म्हणून तीनच, जवळजवळ लावलेले. कडेला अर्धवट सोललेल्या सालीपुरती बदामी ओळ.

सध्या काला खट्ट्याचा गोळा चालू आहे. एक मुका खांब, एक खांब, आणि पुढच्या ओळीत मुक्यावर खांब, खांबावर मुका. बर्फाच्या किसाचा खडबडीतपणा छान येतो. चोखलेला गोळा टोकाकडून पांढरा पडत जातो, तो उतार दोन दोरे एकत्र धरून साधतेय: खाली दोन्ही जांभळे, मग एक जांभळा एक फिका, मग एक फिका एक पांढरा, टोकाला दोन्ही पांढरे.

कैरीच्या फोडीवरच्या तिखटासाठी मणी नकोत, पांघरुणात टोचतील. लाल दोऱ्याने भरतकामातल्या गाठी घालायचा विचार आहे. सुती विणीवर अशा गाठी धुण्यात टिकल्या असतील, तर किती पदरी दोरा वापरलात ते नक्की सांगा.