सुईनंतरचे चौदा दिवस

गेल्या वर्षी नरक चतुर्दशीच्या बरोबर नऊ दिवस आधी मी कपाळावर बोटॉक्स आणि नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या दोन रेषांमध्ये फिलर टोचून घेतले. चुकले असेल तर ते मुहूर्तात. टोचण्याचे काम अर्ध्या तासात उरकले. पण नंतरचे पंधरा दिवस कोणत्या सणावारात पडतात याचा हिशेब मी केलाच नव्हता.

फोटोकॉपीला आपण सरसकट झेरॉक्स म्हणतो, तसे या सगळ्याच प्रकाराला लोक बोटॉक्स म्हणतात. परंतु या दोन्हींच्या वागण्यात बराच फरक आहे. बोटॉक्स स्नायूंपर्यंत पोहोचणारा नसांचा निरोप अडवते, त्यामुळे आठ्या पाडणारा स्नायू सैल पडतो. मात्र हा परिणाम तीन ते पाच दिवसांनी दिसू लागतो, पूर्ण दिसायला दोन आठवडे लागतात आणि साधारण तीन-चार महिन्यांत तो ओसरतो. फिलर म्हणजे बहुतेक वेळा हायल्युरॉनिक ॲसिडचे जेल. ते जागा लगेच भरून काढते, पण स्वतःकडे पाणी ओढून घेते, म्हणून पहिले दोन-तीन दिवस चेहरा हवा त्याहून अधिक भरलेला दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आरसा पाहून घाबरण्याचे कारण नसते, तरी मी घाबरलेच.

पहिले चार तास आडवे व्हायचे नाही आणि टोचलेल्या जागी चोळायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. आडवे न होण्यामागचा पुरावा फारसा भक्कम नाही, हेही त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितले. मात्र चोळल्याने औषध शेजारच्या स्नायूत उतरून पापणी काही आठवडे लोंबू शकते, ही भीती खरी आहे. एक सूचना मात्र कोणत्याही छापील कागदावर नसते, ती मी माझ्या पदरची देते: त्या संध्याकाळी दादरहून लेडीज डब्यात चढू नये. गर्दीतले एक कोपर गालावर बसले की सगळी काळजी वाया जाते. मी टॅक्सीने गोरेगावला आले आणि त्या पैशांबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

पहिले एक-दोन दिवस उष्णता, व्यायाम आणि मद्य टाळायचे असते, कारण रक्तवाहिन्या फुलल्या की सूज आणि काळेनिळे डाग वाढतात. सॉना घेऊ नका, असे कागदावर लिहिले होते. ऑक्टोबरच्या मुंबईत वेगळा सॉना कशाला हवा, हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी माझ्यासमोर चकलीची भाजणी होती, आणि मंद आचेवर तासभर कढईवर वाकून उभे राहणे मला त्या यादीतच मोडणारे वाटले. ते काम नवऱ्याकडे गेले. हरभऱ्याची डाळ थोडी करपली.

डाव्या गालावर मात्र डाग पडलाच. कोणती औषधे घेता, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा गुडघ्यासाठी दोन दिवस घेतलेल्या आयबुप्रोफेनच्या गोळ्या मी सांगितल्या नाहीत, कारण त्या गोळ्यांना मी औषध समजतच नव्हते. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल या सर्वांनी रक्तस्राव वाढू शकतो. पण हृदयासाठी दिलेली रक्त पातळ करणारी गोळी कोणीही आपल्या मनाने बंद करू नये, ते डॉक्टरांनाच विचारावे. माझा डाग आधी पिकल्या जांभळासारखा होता, मग कडेने हिरवट झाला आणि आठव्या दिवशी हळदीच्या बोटाएवढा पिवळा उरला. पहिल्या दिवशी रुमालात गुंडाळलेला बर्फ थोडा-थोडा वेळ, न दाबता, नुसता टेकवला आणि दोन रात्री उशा उंच करून उताणी झोपले. याहून अधिक काही केले नाही.

सूज आणि डाग यांची मला आता फारशी धास्ती वाटत नाही. एका गोष्टीची वाटते. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेले किंवा त्याचा तिच्यावर दाब पडला, तर त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो. अशा वेळी जागा पांढरीफटक पडते किंवा जाळीसारखी निळसर दिसू लागते, बोटाने दाबून सोडल्यावर रंग लवकर परतत नाही आणि वेदना बहुधा वाढत जाते. असे झाले तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा. हायल्युरॉनिडेज हे विकर टोचून जेल विरघळवता येते. अंधुक दिसू लागले तर थेट रुग्णालय गाठायचे, कारण तेथे मिनिटेच मोजावी लागतात. म्हणून डॉक्टरांचा रात्री लागणारा नंबर हाती नसेल, तर खुर्चीत बसूच नये, असे माझे मत आहे. पार्लरमध्ये स्वस्तात टोचून घेणाऱ्यांना हा प्रश्न सुचतही नाही.

फिलरवर दोन आठवडे मालीश करायची नव्हती आणि नवव्या दिवशी तर अभ्यंगस्नान. पहाटे सासूबाई तेलाची वाटी आणि उटणे घेऊन आल्या. डाग दाराला आपटल्याचा आहे, असे मी त्यांना सांगितले होते.

"आई, चेहऱ्याला नको," मी म्हणाले, आणि मग खरे ते सांगून टाकले.

त्यांनी माझा चेहरा दिव्याकडे वळवला, हात न लावता दोन्ही गाल न्याहाळले आणि पाठीला तेल चोळायला घेतले.

"अगं, मग दाराला उगाच कशाला बोल लावलास?" त्या म्हणाल्या. "आणि किती घेतले गं?"